अदिती अशोक

अदिती अशोक (जन्म : २९ मार्च १९९८, बंगळूर, कर्नाटक) ही भारताची व्यावसायिक गोल्फ खेळाडू आहे. 'लेडीज युरोपियन टूर' या महिलांच्या युरोपीय व्यावसायिक मालिकेतील स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय खेळाडू होय. २०१६ ते २०२३ या काळात तिने या मालिकेतील ५ स्पर्धा जिंकल्या. रिओ (२०१६), टोकियो (२०२०, प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालेले) आणि पॅरिस (२०२४) अशा सलग तीन ऑलिंपिक स्पर्धांत तिने भारताचे प्रतिनिधित्व केले. टोकियो येथे तिला चौथा क्रमांक मिळाला. २०२२ च्या हांगचौ आशियाई क्रीडा स्पर्धेत (प्रत्यक्षात २०२३) तिने वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत गोल्फचे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला आहे. भारत सरकारने तिला २०२० सालचा अर्जुन पुरस्कार दिला.

लांब पल्ल्याचे फटके हे अदितीचे बलस्थान नाही. जवळच्या टप्प्यातील अचूक खेळ आणि चेंडू होलमध्ये घालविण्याचे कौशल्य यांच्या आधारावर तिची कारकीर्द उभी राहिली आहे. ताकदीला उत्तरोत्तर अधिक महत्त्व येत गेलेल्या काळातील तिच्या यशाचे आणि थोडक्यात हुकलेल्या संधींचे स्वरूप या वैशिष्ट्यावरून समजून घेता येते.

खेळाची तोंडओळख

अदितीच्या कारकिर्दीतील आकडे समजण्यासाठी गोल्फमधील काही संज्ञा माहीत असणे आवश्यक आहे. गोल्फच्या पूर्ण मैदानावर १८ होल असतात. प्रत्येक होलचा खेळ 'टी' या आरंभस्थानापासून सुरू होतो. तेथून कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, म्हणजे 'फेअरवे'वरून, चेंडू 'ग्रीन' या अत्यंत बारीक गवताच्या भागावर आणला जातो. ग्रीनवरील सुमारे १०८ मिलिमीटर व्यासाच्या होलमध्ये चेंडू गेला, की त्या होलचा खेळ संपतो. खेळाडूला निरनिराळ्या अंतरांसाठी जास्तीत जास्त १४ काठ्या (क्लब) सोबत बाळगता येतात.

निष्णात खेळाडूने एखादा होल किती फटक्यांत पूर्ण करावा याची ठरलेली संख्या म्हणजे 'पार'. ती बहुधा ३, ४ किंवा ५ असते आणि १८ होलांची बेरीज साधारण ७० ते ७२ भरते. पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास 'बर्डी', एक अधिक लागल्यास 'बोगी' आणि दोन अधिक लागल्यास 'डबल बोगी' म्हणतात. ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळत नेण्याच्या हलक्या फटक्याला 'पट' आणि त्या कौशल्याला 'पुटिंग' म्हणतात. ज्या खेळाडूच्या फटक्यांची एकूण संख्या सर्वांत कमी, तो विजेता. दूरवर मारलेला जोरदार फटका आणि ग्रीनवरचा हातभर अंतराचा पट हे दोन्ही हिशेबात सारखेच, म्हणजे एक, धरले जातात. अदितीसारख्या खेळाडूला ताकदवान प्रतिस्पर्ध्यांशी बरोबरी करण्याची वाट या नियमातूनच मिळते.

बालपण व शिक्षण

अदितीचे वडील अशोक गुडलमणी व आई माहेश्वरी यांच्यापैकी कोणीही पूर्वी गोल्फ खेळत नव्हते. बंगळुरातील कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानाशेजारच्या उपाहारगृहात हे कुटुंब न्याहारीला जात असे. तेथून दिसणाऱ्या सरावाच्या जागेविषयी पाचसहा वर्षांच्या अदितीला कुतूहल वाटले आणि तिने खेळून पाहिले. पुढे तिच्याबरोबर वडीलही हा खेळ शिकले.

तिचे शालेय शिक्षण बंगळूरच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलमध्ये झाले. ते २०१६ मध्ये पूर्ण झाले, त्याच वर्षी तिने व्यावसायिक खेळाडू म्हणून पदार्पण केले आणि त्याच वर्षी ती ऑलिंपिकमध्येही खेळली. तिच्या आरंभीच्या वाटचालीत आईवडिलांचा सहभाग केवळ आर्थिक पाठबळापुरता नव्हता. रिओ ऑलिंपिकमध्ये वडिलांनी आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये आईने तिची 'कॅडी' म्हणून जबाबदारी सांभाळली. काठ्यांची पिशवी वाहणे, अंतराचा अंदाज देणे, काठी निवडताना सल्ला देणे आणि खेळाडूचे मन शांत ठेवणे ही कॅडीची कामे असतात. नियमांनुसार फेरी चालू असताना खेळाडूला फक्त आपल्या कॅडीशीच खेळाविषयी सल्लामसलत करता येते.

हौशी कारकीर्द

वयाच्या तेराव्या वर्षापासून अदितीने देशांतर्गत हौशी स्पर्धांत यश मिळविण्यास सुरुवात केली. २०१३ च्या आशियाई युवा क्रीडा स्पर्धा व २०१४ चे युवा ऑलिंपिक (दोन्ही नानजिंग, चीन) आणि २०१४ ची इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धा यांत ती खेळली. रिओ ऑलिंपिकमधील सहभागानंतर या चारही व्यासपीठांवर खेळलेली ती पहिली भारतीय गोल्फ खेळाडू ठरली.

हौशी कारकिर्दीतील तिची सर्वांत महत्त्वाची कामगिरी २०१५ मधील आहे. त्या वर्षी तिने स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील सेंट रूल ट्रॉफी आणि ब्रिटनची महिलांची खुली हौशी स्ट्रोक प्ले स्पर्धा अशा दोन प्रतिष्ठेच्या स्पर्धा जिंकल्या. सेंट अँड्रूज हे गोल्फचे माहेरघर मानले जाते.

डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्को येथे झालेली युरोपीय मालिकेची पात्रता स्पर्धा तिने १७ व्या वर्षी जिंकली. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय व तोवरची सर्वांत लहान खेळाडू होती. या विजयामुळे तिला २०१६ च्या हंगामात युरोपीय मालिकेत खेळण्याचा अधिकार मिळाला आणि १ जानेवारी २०१६ रोजी ती व्यावसायिक झाली.

व्यावसायिक कारकीर्द

पहिला हंगाम (२०१६)

नोव्हेंबर २०१६ मध्ये गुरुग्राम येथे झालेली 'हिरो विमेन्स इंडियन ओपन' स्पर्धा अदितीने एका फटक्याच्या फरकाने जिंकली. तोवर कोणत्याही भारतीय महिलेला युरोपीय मालिकेतील स्पर्धा जिंकता आली नव्हती. त्याच महिन्यात दोहा येथील कतार लेडीज ओपनही तिने जिंकली. हंगामाअखेरच्या गुणवत्ता यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा सन्मानही तिलाच मिळाला.

अमेरिकी मालिकेत प्रवेश

महिलांच्या व्यावसायिक गोल्फमधील सर्वांत मोठी मालिका म्हणजे अमेरिकेची 'एलपीजीए टूर'. ती चालविणाऱ्या संघटनेची स्थापना १३ महिला खेळाडूंनी १९५० मध्ये केली. डिसेंबर २०१६ मधील पात्रता स्पर्धेतून अदितीला २०१७ च्या हंगामासाठी या मालिकेत मर्यादित प्रवेश मिळाला. पहिल्याच हंगामातील खेळाच्या बळावर तिने आपले स्थान टिकविले. तिच्यापूर्वी कोलकात्याच्या सिमी (स्मृती) मेहरा हिने १९९० च्या दशकात या मालिकेत खेळून भारतीय महिलांसाठी वाट पाडली होती.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अबू धाबी येथील फातिमा बिंत मुबारक लेडीज ओपन जिंकून अदितीने युरोपीय मालिकेतील तिसरे विजेतेपद मिळविले. चौथ्या विजेतेपदासाठी तिला पाच वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. या मधल्या वर्षांत तिचा मुख्य मुक्काम अमेरिकी मालिकेत होता. जगातील अव्वल खेळाडूंच्या या मालिकेत दरवर्षी स्वतःचे स्थान राखून ठेवणे हेच बहुतेक खेळाडूंपुढचे पहिले आव्हान असते.

२०२३ : यशस्वी वर्ष

२०२३ हे अदितीच्या कारकिर्दीतील सर्वांत भरीव वर्ष ठरले. फेब्रुवारीत तिने केनियातील विपिंगो येथे 'मॅजिकल केनिया लेडीज ओपन' तब्बल ९ फटक्यांच्या आघाडीने जिंकली. एप्रिलमध्ये लॉस एंजलिस येथील जेएम ईगल स्पर्धेत ती ऑस्ट्रेलियाची हॅना ग्रीन व चीनची लिन शीयू यांच्यासह बरोबरीत राहिली. विजेती ठरविण्यासाठी झालेल्या जादा होलच्या खेळात हॅना ग्रीन विजयी झाली आणि अदितीला संयुक्त दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. नोव्हेंबरमध्ये स्पेनमधील मार्बेया येथील खुली स्पर्धा जिंकून तिने युरोपीय मालिकेतील विजेतेपदांची संख्या ५ वर नेली.

युरोपीय मालिकेतील विजेतेपदे

१. हिरो विमेन्स इंडियन ओपन, गुरुग्राम (नोव्हेंबर २०१६)
२. कतार लेडीज ओपन, दोहा (नोव्हेंबर २०१६)
३. फातिमा बिंत मुबारक लेडीज ओपन, अबू धाबी (नोव्हेंबर २०१७)
४. मॅजिकल केनिया लेडीज ओपन, विपिंगो (फेब्रुवारी २०२३)
५. आंदालुसिया कोस्ता देल सोल ओपन दे एस्पान्या, मार्बेया (नोव्हेंबर २०२३)

ऑलिंपिक स्पर्धा

महिलांचे गोल्फ ऑलिंपिकमध्ये प्रथम १९०० साली पॅरिस येथे खेळले गेले. त्या वेळी अवघ्या ९ होलांची स्पर्धा झाली व ती अमेरिकेच्या मार्गारेट ॲबट हिने ४७ फटक्यांत जिंकली. योगायोग असा, की मार्गारेटचा जन्म कलकत्त्याचा होता. आपण ऑलिंपिक स्पर्धा जिंकली आहे याची कल्पना तिला हयातभर आली नाही. त्यानंतर महिलांच्या गोल्फला ऑलिंपिकमध्ये परतण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले.

सध्याच्या पद्धतीनुसार महिलांच्या स्पर्धेत ६० खेळाडूंना प्रवेश मिळतो. जागतिक क्रमवारीत पहिल्या १५ मध्ये असलेल्या खेळाडूंच्या बाबतीत एका देशाच्या कमाल ४ आणि त्यापुढे कमाल २ खेळाडू पात्र ठरतात. चार दिवसांत ७२ होल खेळावे लागतात.

रिओ २०१६

रिओ येथे १८ वर्षांची अदिती महिला गटातील सर्वांत लहान खेळाडू होती. पहिल्या दोन फेऱ्यांत तिने प्रत्येकी ६८ फटके नोंदवून पहिल्या दहांत स्थान मिळविले. पुढील दोन फेऱ्यांत मात्र ७९ व ७६ फटके लागल्याने ती संयुक्त ४१ व्या क्रमांकापर्यंत घसरली. पदक हुकले, तरी या दोन दिवसांनी भारतातील असंख्य लोकांना महिला गोल्फची पहिली ओळख करून दिली.

टोकियो २०२०

टोकियो स्पर्धेस जाताना अदिती जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानावर होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला कोविडची बाधा झाली होती आणि त्यातून आलेल्या अशक्तपणामुळे तिच्या फटक्यांचा पल्ला आणखी कमी झाला होता. असे असूनही कासुमिगासेकी येथील मैदानावर तिने पहिल्या तीन फेऱ्यांत ६७, ६६ व ६८ अशी नोंद केली. तिसऱ्या फेरीअखेर ती एकटीच दुसऱ्या स्थानावर होती. तिच्यापुढे फक्त अमेरिकेची नेली कोर्डा होती.

अखेरची फेरी ७ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. भारतात शनिवारची पहाट होती. एरवी गोल्फ न पाहणारे असंख्य प्रेक्षक त्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर बसून बर्डी आणि बोगी यांचा अर्थ समजून घेत होते. फेरीच्या उत्तरार्धात वादळी हवामानामुळे खेळ काही काळ थांबवावा लागला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर अखेरच्या होलवर बर्डीसाठीचा अदितीचा लांब पट थोडक्यात हुकला.

अंतिम क्रमवारी पुढीलप्रमाणे होती.

सुवर्ण : नेली कोर्डा (अमेरिका), २६७ फटके, पारपेक्षा १७ कमी
रौप्य : मोने इनामी (जपान), २६८ फटके, पारपेक्षा १६ कमी
कांस्य : लिडिया को (न्यूझीलंड), २६८ फटके, पारपेक्षा १६ कमी
चौथी : अदिती अशोक (भारत), २६९ फटके, पारपेक्षा १५ कमी

इनामी व को यांच्यातील रौप्यपदकाचा निर्णय जादा होलवर झाला. चार दिवसांच्या २६९ फटक्यांत अदितीचा एक फटका वाचला असता, तर तिलाही या निर्णायक खेळात स्थान मिळाले असते. या दोघींनी अखेरच्या फेरीत प्रत्येकी ६५ फटके नोंदविले. अदितीने ६८ फटक्यांत फेरी पूर्ण केली, ही नोंददेखील पारपेक्षा ३ ने कमी आहे. तिने हातची संधी घालविली असे म्हणण्यापेक्षा मागून आलेल्या दोघी तिच्याहून सरस खेळल्या असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

ऑलिंपिकमधील चौथ्या क्रमांकाची भारताला जुनी ओळख आहे. १९६० मध्ये रोम येथे मिल्खा सिंग, १९८४ मध्ये लॉस एंजलिस येथे पी. टी. उषा आणि २०१६ मध्ये रिओ येथे दीपा कर्माकर यांची पदके अशीच अल्प फरकाने हुकली होती. त्याच ७ ऑगस्टच्या दिवशी बजरंग पुनियाने कांस्य आणि नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळविल्याने सायंकाळपर्यंत सकाळच्या गोल्फची चर्चा मागे पडली. मात्र दोनशेव्या स्थानावरील खेळाडूने जगातील अव्वल खेळाडूंशी शेवटच्या होलपर्यंत दिलेली झुंज भारतीय गोल्फच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

पॅरिस २०२४

पॅरिसजवळील 'ल गोल्फ नासिओनाल' मैदानावर अदिती संयुक्त २९ व्या क्रमांकावर राहिली. तीन ऑलिंपिक स्पर्धांत खेळलेली ती पहिली भारतीय गोल्फ खेळाडू ठरली. या स्पर्धेत लिडिया को हिने सुवर्णपदक मिळविले.

आशियाई क्रीडा स्पर्धा

आशियाई स्पर्धेतील गोल्फमध्ये भारतीय पुरुषांची परंपरा मोठी आहे. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेत लक्ष्मण सिंग व २००२ च्या बुसान स्पर्धेत शिव कपूर यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली होती. महिलांच्या गटात मात्र २०२३ पर्यंत भारताला एकही पदक मिळाले नव्हते.

हांगचौ येथे अदितीने पहिल्या दोन फेऱ्यांत ६७ व ६६ फटके नोंदविले. तिसऱ्या फेरीत तर पारपेक्षा ११ फटके कमी, म्हणजे ६१, अशी असामान्य नोंद करून तिने ७ फटक्यांची आघाडी घेतली. सुवर्णपदक निश्चित मानले जात असता शेवटच्या दिवशी तिला ४ बोगी व १ डबल बोगी पत्करावी लागली. बर्डी फक्त एकच साधता आली. ७७ फटक्यांच्या या फेरीमुळे तिची एकूण नोंद २७१ झाली. थायलंडच्या अर्पिचया युबोल हिने ६८ फटक्यांची संयमी फेरी खेळून २ फटक्यांच्या फरकाने सुवर्णपदक पटकाविले.

भारतीय महिला गोल्फचे आशियाई स्पर्धेतील हे पहिलेच पदक असले, तरी टोकियो आणि हांगचौ येथील निकालांत मोठा फरक आहे. टोकियोत अखेरच्या दिवशी अदितीचा खेळ चांगला झाला होता. हांगचौत तिचा स्वतःचाच खेळ बिघडला. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत एकाच खेळाडूच्या नोंदीत १६ फटक्यांचे अंतर पडावे, हे या खेळातील अनिश्चिततेचे बोलके उदाहरण होय. या पराभवानंतर दोन महिन्यांच्या आतच तिने स्पेनमधील स्पर्धा जिंकली.

खेळाची शैली

महिला गोल्फमधील आघाडीच्या अनेक खेळाडूंच्या तुलनेत अदितीचा पहिला फटका बराच आखूड पडतो. याचा परिणाम पुढच्या प्रत्येक फटक्यावर होतो. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू ग्रीनच्या जवळ पोहोचला असेल, तर तिला आखूड काठीने उंच व अचूक फटका मारता येतो. अदितीला त्याच ठिकाणी लांब अंतरावरून, लांब काठीने ग्रीन गाठावे लागते. लांब काठीने मारलेला चेंडू ग्रीनवर पडल्यावर दूर घरंगळण्याची शक्यता अधिक असते.

ही उणीव ती तीन मार्गांनी भरून काढते. पहिला मार्ग म्हणजे चेंडू फेअरवेवरच ठेवण्याची अचूकता. दुसरा, ग्रीनच्या आसपासचे हलके फटके. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे पुटिंग. ग्रीनचा उतार, गवताचा कल व चेंडूचा वेग यांचा अंदाज घेऊन लांबच्या अंतरावरूनही चेंडू होलमध्ये घालविण्याबद्दल ती ओळखली जाते. टोकियोतील तिच्या यशाचा मोठा वाटा पुटिंगचाच होता.

या शैलीची मर्यादाही स्पष्ट आहे. लांब मैदानांवर, विशेषतः पावसाने जमीन ओली झाल्यावर, चेंडू पडल्यानंतर पुढे धावत नाही आणि आखूड फटके मारणाऱ्या खेळाडूची अडचण वाढते. जेथे ग्रीनवरचे कौशल्य निर्णायक ठरते, तेथे मात्र अशा खेळाडूचे पारडे जड होते.

व्यावसायिक महिला गोल्फचे अर्थकारण

गोल्फमधील व्यावसायिक खेळाडूस वेतन नसते. तिचे उत्पन्न स्पर्धांतील बक्षिसे व प्रायोजक यांवर अवलंबून असते. बहुतेक स्पर्धांत पहिल्या दोन फेऱ्यांनंतर साधारण निम्म्या खेळाडूंना वगळले जाते. यास 'कट' म्हणतात. कट चुकलेल्या खेळाडूला सामान्यतः बक्षिसाची रक्कम मिळत नाही, परंतु विमानप्रवास, निवास व कॅडीचे मानधन हा खर्च तिलाच सोसावा लागतो. हंगामाअखेर ठरावीक क्रमांकाच्या आत न राहिल्यास पुढच्या वर्षीचा प्रवेशही धोक्यात येतो.

पुरुषांच्या तुलनेत महिलांच्या स्पर्धांची बक्षिसे लहान असतात आणि युरोपीय महिला मालिकेत हा फरक अधिक जाणवतो. भारतात महिलांची स्वतंत्र व्यावसायिक मालिका आहे, तथापि तिच्या बक्षिसांवर आंतरराष्ट्रीय कारकीर्द चालविणे शक्य नसते. त्यामुळे देशातील गुणवान खेळाडूंना परदेशी मालिकांच्या पात्रता स्पर्धांकडे वळावे लागते. केंद्र सरकारच्या 'टार्गेट ऑलिंपिक पोडियम' योजनेखाली अदितीला अर्थसाहाय्य मिळालेले आहे.

भारतीय महिला गोल्फमधील स्थान

अदितीपूर्वी सिमी मेहरा अमेरिकी मालिकेत, तर बंगळूरची शर्मिला निकोलेट युरोपीय मालिकेत खेळली होती. अदितीच्या विजयांनंतर युरोपीय मालिकेत भारतीय खेळाडूंची संख्या वाढत गेली. वाणी कपूर, त्वेसा मलिक, अमनदीप द्राल, रिद्धिमा दिलावरी व प्रणवी उर्स ही त्यांतील काही नावे होत.

हरियाणाची दीक्षा डागर ही या पिढीतील अदितीनंतरची सर्वांत यशस्वी खेळाडू मानली जाते. जन्मतः श्रवणदोष असलेल्या या डावखुऱ्या खेळाडूने २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील खुली स्पर्धा जिंकून युरोपीय मालिकेतील पहिले विजेतेपद मिळविले. बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक जिंकले आहे. टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत ती अदितीसह भारतीय संघात होती. २०२४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळलेल्या भारतीय महिला या दोघीच आहेत.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात गोल्फ ब्रिटिशांबरोबर आला. १८२९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेला क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब समजला जातो. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला. आज मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, नवी मुंबईत सिडकोने विकसित केलेले खारघरचे मैदान आणि पुण्यात येरवड्याजवळील पूना क्लबचे मैदान ही या खेळाची परिचित केंद्रे आहेत. पूना क्लबच्या मैदानावर महिलांच्या राष्ट्रीय व्यावसायिक मालिकेचे टप्पेही खेळले गेले आहेत. टोकियो ऑलिंपिकमधील दोन्ही भारतीय पुरुष गोल्फपटूंचा पुण्याशी संबंध आहे. उदयन माने पुण्याचा असून अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्यात झाला. महाराष्ट्रातील एकाही महिलेला मात्र २०२४ पर्यंत गोल्फमध्ये ऑलिंपिक गाठता आलेले नाही.

याचे एक कारण मैदानाच्या स्वरूपात आहे. महिलांच्या कबड्डीला १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद जागा पुरते. खो-खोचे मैदानही शाळेच्या आवारात सहज आखता येते. १८ होलांच्या गोल्फ मैदानाला साधारण १०० एकर वा त्याहून अधिक जमीन आणि वर्षभर पाणी लागते. नीरा डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या बारामती व इंदापूर तालुक्यांत एवढ्या बागायती क्षेत्रावर अनेक शेतकरी कुटुंबांचा उदरनिर्वाह चालतो. साहजिकच ग्रामीण भागातील मुलींची पावले कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणे या खेळांकडे वळतात आणि गोल्फ मोठ्या शहरांतील क्लब व लष्करी छावण्यांच्या परिसरापुरता सीमित राहतो. अदितीच्या बाबतीतही घराजवळ सरावाची जागा असणे आणि ती लहान मुलीला खुली असणे हाच तिच्या वाटचालीचा आरंभबिंदू होता. संपूर्ण मैदान उभारणे शक्य नसलेल्या ठिकाणी सरावपट्टी आणि पुटिंगसाठीचे लहान ग्रीन यांना तुलनेने फार थोडी जागा लागते. अदितीच्या खेळाचा कणा असलेले पुटिंगचे कौशल्य अशा लहान जागेतही शिकता येते.

पुरस्कार व सन्मान

लेडीज युरोपियन टूर, वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू (२०१६)
अर्जुन पुरस्कार (२०२०)
आशियाई क्रीडा स्पर्धा, वैयक्तिक रौप्यपदक (हांगचौ, २०२३)